सह्याद्रीतले फोटो राखाडी का येतात? लेन्सच्या आधी वेळापत्रक बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन-तीन पावसाळे ग्रुपबरोबर ट्रेक झाले, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, रतनगड पाहून झाले, आता १८-५५ मिलिमीटर लेन्सचा मिररलेस कॅमेरा घेतला आहे. पण डोळ्यांना जे भव्य दिसतं ते फोटोत राखाडी आणि सपाट येतं, जंगलात तर नुसता हिरवा गोंधळ. पुढची लेन्स कोणती घ्यावी, आणि पावसात कॅमेरा कसा सांभाळावा?

लेन्सबद्दल पुढे लिहिलं आहे. पण माझ्या मते तुमची खरी अडचण ट्रेकच्या वेळापत्रकात आहे. मुंबई-पुण्याहून निघणारे बहुतेक ग्रुप रात्रभर प्रवास करतात, पहाटे पायथ्याच्या गावात पोचतात, पोहे-चहा आणि ओळखपरेड उरकून आठच्या सुमाराला चढायला लागतात. माथ्यावर पोचेस्तोवर अकरा-बारा. मग डबे, ग्रुप फोटो आणि अंधाराच्या आत खाली. ट्रेक म्हणून यात वावगं काही नाही, सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. उजेडाचा हिशेब मात्र पार बिघडतो. सकाळचा तिरपा उजेड नाश्त्यात जातो, संध्याकाळचा परतीच्या बसमध्ये, आणि कॅमेरा बाहेर निघतो तो ऊन डोक्यावर असताना. त्या वेळी पठारावरचं गवत भगभगीत उजळलेलं असतं आणि उभा कातळ सावलीत काळा पडलेला असतो. दोन्ही एकाच फोटोत धरणं कुठल्याही सेन्सरला जड जातं. सूर्य खाली उतरला की ऊन थेट कड्याच्या अंगावर पडतं, घळी आणि नाळांमध्ये एका बाजूने सावली भरते, लांबच्या डोंगररांगा एकमेकींपासून सुट्या दिसायला लागतात. तुम्हाला डोळ्यांनी भव्य वाटतं ते हेच.

म्हणून पहिला सल्ला: ग्रुपचा ट्रेक आणि फोटोचा ट्रेक वेगळे ठेवा. फोटोसाठी तीन-चारच जण जा, जमलं तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी. आदल्या संध्याकाळी पाचनई, रतनवाडी किंवा बारी अशा पायथ्याच्या गावात मुक्काम करा. तिथे घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते, आणि पिठलं-भाकरी वाढता वाढता मावशी किंवा मामा तुम्हाला जे सांगतात ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही: ओढ्याला काल किती पाणी होतं, सकाळी ढग किती वाजता उठतो, कुठल्या वाटेवर दरड आली आहे. आणि एका फेरीत गडावरच्या सगळ्या जागा उरकायच्या नाहीत. एक जागा ठरवा, तिथे उजेडाच्या आधी पोचा आणि उजेड संपेपर्यंत हलू नका.

जागा ठरवताना नकाशावर सूर्याची दिशा बघायची सवय लावा. आपल्या अक्षांशावर २१ जूनच्या आसपास सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तितकाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा जवळपास ५० अंशांनी सरकते, आणि त्यावर कुठल्या कड्याला कधी ऊन मिळणार हे ठरतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. तो पश्चिमेकडे तोंड करून आत वळलेला, बाकदार कडा आहे. हिवाळ्यात मावळता सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे कड्याची उत्तरेकडची बाजू उजळते आणि दक्षिणेकडची सावलीत राहते. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. उत्तर टोकाजवळ उभं राहायचं की दक्षिण टोकाजवळ, हे घरूनच ठरवून निघता येतं. गडाची उंची १४०० मीटरच्या वर आहे आणि पाचनईहून चढायला अडीच-तीन तास पुरतात, त्यामुळे तीन वाजता माथ्यावर पोचून शांतपणे जागा निवडणं अवघड नाही.

आणि सकाळी? सकाळी कोकणकडा सावलीत असतो म्हणून बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. पण इंद्रवज्र दिसायचं तर ते सकाळीच दिसणार. सूर्य पाठीमागे पूर्वेला, तुम्ही कड्यावर, आणि समोर खाली कोकणात भरलेला ढग. तुमची सावली त्या ढगावर पडते आणि सावलीतल्या डोक्याभोवती रंगांची गोल कडी उमटतात. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या हवामानावरील लेखात हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या अशा गोल इंद्रधनुष्याची नोंद आहे. ते दिसण्यासाठी ढग तुमच्या पातळीच्या खाली हवा आणि सूर्य झाकलेला नको, म्हणून सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सकाळी त्यातल्या त्यात भरवशाच्या. कडी डोळ्यांना मोठी वाटली तरी कोनाच्या मापात लहान असतात, तेव्हा सगळ्यात रुंद टोकाऐवजी ३५ ते ५५ वर फोटो काढा. पोलरायझर (चकाकी कापणारा, लेन्सवर फिरवायचा फिल्टर) लावलेला असेल तर काढून ठेवा, चुकीच्या कोनात फिरवलेला पोलरायझर इंद्रधनुष्याचे रंग पुसून टाकू शकतो. शेजारच्या माणसाला कडं त्याच्या सावलीभोवती दिसतं आणि तुम्हाला तुमच्या, त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावून उभे असाल तर मध्यभागी कॅमेऱ्याचीच सावली येणार.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर सूर्याच्या कोनाचं हे गणित फारसं चालत नाही, कारण सूर्यच दिसत नाही. या दिवसांत सगळा खेळ उघडिपीचा. कोकणातून वर चढणारा ढग घाटमाथ्यावर अडतो, तासन् तास हलत नाही, आणि मग अचानक दहा-पंधरा मिनिटं पडदा फाटतो. समोर हिरवीगार डोंगरधार, तिच्यावर पांढऱ्या धारा, मध्ये तरंगणारा ढगाचा तुकडा. ज्यांच्या पावसाळी फोटोंनी तुम्हाला वेड लावलं आहे त्यातल्या बहुतेकांनी अशा एका उघडिपीची अर्धा दिवस वाट पाहिली आहे. ग्रुप ट्रेकमध्ये ढग दिसला की ‘आज काही दिसत नाही’ म्हणून मंडळी वळतात. तुम्ही थांबा.

थांबणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. तेवढ्या वेळात चौकट ठरवा. ढगातून अधूनमधून कड्याची कडा पुसट दिसते, तेवढ्यावरून कुठे काय येणार ते जमवून ठेवा. फोकस जवळच्या एखाद्या कातळावर किंवा झुडपावर घेऊन बघा, कारण धुक्यात ऑटोफोकस मागे-पुढे धावत राहतो. ढगाचा करडेपणा कमी होऊन तो पांढरा, चमकदार व्हायला लागला आणि वाऱ्याची दिशा बदलली की बऱ्याचदा फट पडणार असते. तुमचे फोटो राखाडी येण्याचं तांत्रिक कारणही इथेच आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल ते मध्यम करडं समजतो. चौकट पांढऱ्या ढगाने भरली की तो ती मुद्दाम काळवंडवतो. म्हणून धुक्यात एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉपने वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे झुकू द्या, फक्त उजव्या भिंतीवर आपटू देऊ नका. आणि फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत घ्या. जेपेगमध्ये ढगांतल्या बारीक छटा सपाट होऊन जातात, त्या नंतर परत आणता येत नाहीत.

पावसाळ्यात शटरचा विचार प्रत्येक पाण्यासाठी वेगळा करावा लागतो. ओढ्यावरच्या छोट्या धबधब्याला पाव सेकंद ते एक सेकंद छान दिसतो. त्याहून लांबवलं तर पाण्याचा पोतच जातो आणि पांढरा कापूस उरतो, मला तो आवडत नाही. नाणेघाटात मात्र हे उलटं आहे. तिथे कोकणातून येणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी परत वर फेकतो, आणि त्या दृश्याचा सगळा जीव उडणाऱ्या थेंबांत आहे. संथ शटर लावलात तर पाणी पडतंय की वर जातंय हेच कळणार नाही. तिथे एक पाचशेअंश सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. धबधब्याच्या मागे उभं राहू नका, सगळं पाणी तुमच्या अंगावर येतं. बाजूला सरकून, मागे जीवधन किंवा नानाचा अंगठा घेता येतो का ते पाहा.

जंगलातल्या हिरव्या गोंधळाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंत, आणि मला वाटतं तोच तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कठीण भाग आहे. डोंगरावर विषय समोर उभा असतो, जंगलात तो शोधावा लागतो. भीमाशंकरच्या जंगलात शिरलात की डोळा आपोआप एखाद्या खोडावर स्थिरावतो आणि बाकीचं विसरतो, कॅमेरा काहीच विसरत नाही. प्रत्येक फांदी, प्रत्येक पान, मधूनच डोकावणारं पांढरं आकाश, सगळं सारख्याच जोराने फोटोत येतं.

तेव्हा सगळ्यात आधी आकाश काढून टाका. पानांच्या जाळीतून दिसणारे पांढरे ठिपके नजर खेचून घेतात. कॅमेरा थोडा खाली झुकवा किंवा मागे उतार येईल अशी जागा घ्या. मग एकच झाड निवडा: वाकडं वाढलेलं जांभूळ, शेवाळाने मढलेला अंजन, वेलीने विळखा घातलेलं एखादं जुनं खोड. त्या खोडाच्या मागे दुसरं खोड चिकटून येत असेल तर अर्धा पाऊल डावीकडे, अर्धा उजवीकडे सरकून बघा. जंगलात सगळी रचना या अर्ध्या पावलात असते. दोन खोडांमध्ये मोकळी जागा दिसली की फोटोला खोली येते. धुकं असेल तर काम अर्ध्यावर येतं, कारण मागची झाडं फिकट होत जातात आणि पुढचं आपोआप सुटं होतं. म्हणून जंगलासाठी मी स्वच्छ उन्हाचा दिवस कधीच निवडत नाही. उन्हात जंगलाच्या जमिनीवर कवडसे पडतात, बघायला सुंदर, पण फोटोत पांढऱ्या आणि काळ्या ठिपक्यांची रांगोळी होते.

जंगलातला हिरवा रंग फिका, चुनखडीसारखा दिसतो त्यावर मात्र एक साधन खरोखर लागतं: वर्तुळाकार पोलरायझर. ओल्या पानांवर आभाळाचं प्रतिबिंब पडलेलं असतं, त्या चकाकीखाली पानाचा खरा रंग दडतो. पोलरायझर फिरवला की ती चकाकी जाते आणि हिरवा रंग वर येतो. ओल्या कातळावर आणि ओढ्याच्या पाण्यावरही तेच. हा परिणाम सॉफ्टवेअरमध्ये नंतर आणता येत नाही, कारण चकाकीखालची माहितीच नोंदलेली नसते. त्याने उजेड एक-दीड स्टॉपने कमी होतो, तेव्हा ट्रायपॉड लागेल किंवा आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यावा लागेल. आजच्या कॅमेऱ्यांना ते झेपतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, हिरव्या छताखाली तो प्रत्येक फोटोत वेगळा निर्णय घेतो. ‘क्लाउडी’वर बांधून ठेवा.

म्हणजे पहिली खरेदी पोलरायझर. दुसरी ट्रायपॉड, हलका पण वाऱ्यात न डुलणारा, मधला दांडा शक्यतो न उचलता वापरायचा. त्यानंतर लेन्स. सगळे वाइड लेन्स घ्या म्हणतील, मी आधी लांब पल्ल्याची सुचवतो, ५५-२०० च्या जवळपासची, वजनाला हलकी. वाइड लेन्स जवळचं मोठं आणि लांबचं छोटं करते. कोकणकड्यावर पायाजवळचा दगड भला मोठा आणि मागची डोंगररांग मुंगीएवढी, असा फोटो तिनेच येतो. त्या लेन्सचा उपयोग करायला पायाजवळ काहीतरी बघण्यासारखं लागतं, सोनकीच्या पिवळ्या फुलांचा ताटवा किंवा पाण्याचं टाकं. लांब लेन्स उलट काम करते. कळसूबाईवरून अलंग-मदन-कुलंग पाहिलेत ना? १८ वर ते क्षितिजावरचे तीन उंचवटे असतात. १५० वर तेच तिन्ही गड चौकट व्यापतात आणि त्यांच्यामागच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात. सह्याद्रीचा डोंगर हिमालयासारखा उंच नाही, कळसूबाई राज्यात सर्वांत उंच आणि तेही १६४६ मीटर. त्याचं देखणेपण उभ्या कातळात आणि रांगांच्या थरांत आहे, ते लांब लेन्सनेच वेचता येतं. तोवर १८-५५ चं ५५ हे टोक वापरत राहा.

पावसात कॅमेरा सांभाळायला महागडं कव्हर लागत नाही. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी किंवा ड्राय बॅग, कॅमेऱ्यावर शॉवर कॅप, खिशात दोन-तीन सुती पंचे. लेन्सला हूड कायम लावलेला. जंगलात सर्वांत उपयोगी पडते ती छत्री, तीही काळी. रंगीत छत्रीचा रंग जवळच्या पानांवर आणि फुलांवर उतरतो. कड्यावर मात्र वाऱ्यात छत्री उघडूच नका. पाऊस असताना लेन्स बदलायची नाही, ज्या लेन्सने निघालात तिच्याच नजरेने दिवस काढायचा. एसी गाडीतून उतरल्यावर काच धुकाळते, तेव्हा कॅमेरा सॅकमध्येच ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. पुसत बसलात तर परत धुकाळणार.

पावसापेक्षा मोठा शत्रू घरी असतो, तो म्हणजे बुरशी. ट्रेकहून आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात गेली की काही आठवड्यांत लेन्सच्या आत कोळिष्टकासारखे धागे दिसायला लागतात. कॅमेरा पंख्याखाली पूर्ण सुकवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि आत आर्द्रता ४० ते ५० टक्के राहते का ते बघायला छोटा मापक टाका. चामड्याची आणि कापडी केस पावसाळ्याचे चार महिने वापरू नका.

कड्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. कॅमेरा डोळ्याला लावलेला माणूस पाय कुठे आहेत हे विसरतो. कड्याजवळ कॅमेरा डोळ्याला लावून एक पाऊलही टाकायचं नाही. आधी जागा, मग बैठक, मग कॅमेरा. कोकणकड्याची धार खालून पोकळ आहे, तिथे काठावर उभं राहण्याऐवजी मागे पोटावर झोपून पुढे सरका, बरोबरच्या माणसाला पाय धरायला सांगा. शेवाळलेला कातळ कोरडा दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. ओढ्यात ट्रायपॉड लावला असेल आणि पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, तर वर मोठा पाऊस झालाय असं समजून ट्रायपॉड सोडून बाहेर या. सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचंच नाही. भीमाशंकरची शिडी घाटाची वाट पावसात टाळा, गणेश घाटाने जा. कपारीत आग्या मोहोळ असेल तिथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी कड्यातल्या गिधाडांच्या घरट्यांजवळ तो नेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

फुलांच्या पठारांवरही अशीच काळजी हवी. कासचं पठार, २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेलं, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं, पण तिथे नोंदणी आणि गर्दी दोन्ही असतात. फुलं फक्त कासलाच नसतात. घाटमाथ्यावरच्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सप्टेंबरात वाकून बघा: सीतेची आसवं, गेंद, तेरडा, कवला. मातीचा थर तिथे बोटभर असतो आणि एक बूट पुरेसा होतो ती झाडं चिरडायला. कातळावर पाय ठेवत चाला आणि फुलांच्या पातळीवर यायचं तर उघड्या कातळावर झोपा. दुर्मीळ आमरी किंवा कंदीलपुष्प सापडलं तर फोटो जरूर दाखवा, जागा सांगू नका. कारवीचं झुडूप आठ वर्षांनी एकदा एकगठ्ठा फुलतं. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये फुलली, म्हणजे तिथला पुढचा बहर २०३२ चा. पण प्रत्येक डोंगराचं चक्र वेगळं असू शकतं, म्हणून गावातल्या जाणत्यांना विचारत राहा.

सुरुवात कुठून करावी म्हणाल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रतनगड. पाऊस ओसरलेला असतो, हवा धुतलेली असते, गवत अजून हिरवं असतं आणि माथ्यावर सोनकी पिवळी झालेली असते. वर मुक्काम चालतो का ते वनखात्याकडे आधी विचारा. चालत नसेल तर रतनवाडीतून गावातला माहितगार दादा बरोबर घेऊन पहाटे तीनच्या सुमाराला निघा, कारण वाट दाट झाडीतली आहे आणि वर लोखंडी शिड्या आहेत. प्रत्येकाकडे डोक्याला लावायची बॅटरी हवीच. सूर्योदय साडेसहाच्या आसपास, त्याआधी अर्धा तास माथ्यावर. ईशान्येला भंडारदऱ्याचं पाणी, उत्तरेकडे अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाईची रांग, आणि ऊन उजवीकडून तिरपं. पहिला तास फक्त ५५ वर काढा, सोनकीसाठी नंतर १८ वर या. नेढ्यातून, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकातून, चौकट मिळते ती ऊन थोडं वर आल्यावर. उतरून आलात की रतनवाडीतल्या अमृतेश्वर मंदिरासाठी तासभर ठेवा. तिथलं कोरीवकाम ढगाळ उजेडात उत्तम दिसतं, तेव्हा ऊन कडक असेल तर बाहेरच्या भिंतींची सावलीतली बाजू आधी घ्या.